पाहुणीला थंडी वाजू नये म्हणून

पाहुण्याचं स्वागत कसं करावं हे आम्हा जमैकावाल्यांना कुणी शिकवू नये! बर्मिंगहॅमला आल्यापासून माझ्या दारातून कुणी उपाशी गेलेलं नाही. आमच्या काळ्या म्हाताऱ्यांच्या मंगळवारच्या जेवणाला देणगी द्यावी का, हे बघायला एक बाई येणार म्हटल्यावर मी जाहीर केलं, "ती माझ्यावर सोडा!"

आम्ही जेवायला जमतो त्या हॉलला ऊब देणारा बॉयलर मेला होता. नवा बसला नाही तर हिवाळाभर हॉल बंद. म्हणजे आम्ही सगळे आपापल्या खोलीत एकटे, डब्यातलं सूप पीत! आजवर जिथं अर्ज केला तिथून एकच उत्तर, "तुम्ही फार छोटे." मोठं व्हायला पैसे लागतात, आणि पैसे मिळायला आधी मोठं असावं लागतं! ही बाई मात्र स्वतः येणार होती. ही माणसं नेमकं बघतात तरी काय? मला भारी कुतूहल!

"पण ती कुडकुडली तर?" आमच्यातली युलाली म्हणाली.

"छे! लाज नाही का जाणार आपली?"

झालं! प्रत्येकानं घरचा हीटर उचलून आणला. कल्बर्टनं कडक सूट चढवला, बायकांनी चर्चला घालायच्या पिसांच्या टोप्या. मी बोकडाचं मटण आणि नारळाच्या दुधातला राजमा-भात रांधला. हॉल असा तापला की पावाची भट्टी बरी!

बाईंनी कोट काढला. मग स्वेटर काढला.

"काही अडचण आहे का तुम्हाला?"

"देवाची कृपा आहे!" सगळे एका सुरात. पाहुण्यापुढे कोण रडगाणं गातं?

कल्बर्टनं मला कोपर मारलं. "अगं आयव्होरीन, बॉयलर!"

"जेवू दे की तिला आधी!"

ताट चाटूनपुसून बाई म्हणाल्या, "आमचे पैसे गरजूंसाठी असतात. तुमचं तर छान चाललंय!"

"अहो, हीटर घरोघरचे आहेत! बॉयलर मेलाय!" मी घाईघाईनं म्हणाले.

"म्हणजे लोकांचा एवढा आधार!" बाईंचे डोळे भरून आले. "पैशाविना कसं भागवायचं, हे आमच्या सभेत येऊन इतर संस्थांना सांगाल? मानधन नाही हं. आणि येताना हे मटण आणाल?"

कल्बर्टनं डोळे वटारले. युलालीनं टोपी उतरवली. आता ठणकावून 'नाही' म्हणायलाच हवं होतं. मी छाती भरून श्वास घेतला.

"किती माणसं असतील?" मी विचारलं.