नाना, अक्का आणि काट्यांची मोळी

हिमाचलच्या डोंगरात मोटारसायकलवर जाणारी माणसं मागे तंबू बांधतात, पेट्रोलचा डबा बांधतात. आमच्या नानांनी कपाशीच्या काट्यांची मोळी बांधली होती. काट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात ती वाळकी झाडं. जळगावजवळच्या पिंप्राळ्याहून निघतानाच मी म्हटलं, "नाना, लाकूड तिकडंही मिळतं."

"लाकूड भेटस. काट्या भेटतीन का? दुसऱ्या लाकूडवर भाजेल ते भरीत नही मेस्तरी, ते जयेल वांगं शे."

घरून नेलेली असोद्याची हिरवी वांगी राजस्थानातच संपली. पुढं जी मिळाली ती नानांनी बोटानं टिचकी मारून पाहिली आणि "बटाट्याले रंग दिधा" म्हणून बाजूला सारली. भाजली मात्र रोज. धाब्यामागं जाऊन, चार काट्या मोजून घेऊन.

नाना मूळ पिंपळनेरकडचे. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळं वाकडं काही खपत नाही. घाटातल्या प्रत्येक वळणावर ते गाडी हळू करून मला ओरडून सांगायचे, "आखनाराना हात हालना!" म्हणजे रस्ता आखणाऱ्याचा हात हलला. एका दिवसात पन्नास-साठ वेळा. पहिल्या दिवशी मी हसलो. पाचव्या दिवशी नुसती मान हलवली. अकराव्या दिवशी मान हलवायचीही ताकद उरली नव्हती.

मी दुसऱ्या गाडीवर सामान घेऊन मागं. आठवीत शाळा सोडलेला, तळकोकणातला माणूस. कामाच्या शोधात जळगावात उतरलो तेव्हा इथली बोलीही कळत नव्हती. नानांच्या ओट्यावर पाऊस थांबायची वाट बघत बसलो होतो, तर त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, कोण, कुठला काही न विचारता ताट वाढलं. आज माझं गॅरेज त्यांच्याच घरापुढच्या शेडमध्ये आहे. म्हणून नाना "तू बी चाल" म्हणाले तेव्हा नाही म्हणता आलं नाही. पण नानांची गाडी माझ्याच हाताखालून गेलेली. वर कुठं बंद पडली तर? प्रत्येक थांब्यावर मी चेन बघायचो, ब्रेक बघायचो, मग पुन्हा चेन. अक्का म्हणायच्या, "अरे, किती वेळा तिची नाडी पाहशील? ती बरी आहे."

एका नाक्यावर पोलिसानं मोळीवर काठी ठेवली. "ये क्या है?"

"काट्या," नाना म्हणाले.

"वो तो दिख रहा है काट्या है. कहाँ से काट्या?"

"खेत से. काट्याच शेतस ना भाऊ!"

"अरे, मैं भी तो वही पूछ रहा हूँ, किसके जंगल से काट्या?"

त्याच्या बोलीत 'काट्या' म्हणजे कापलं; पाऊण तास हेच. मी घामाघूम. शेवटी अक्का गाडीवरून उतरल्या, एक काटी ओढली आणि तिच्या टोकाला अडकलेलं कापसाचं बोंड पोलिसाच्या तळहातावर ठेवलं. तो इतका हसला की आम्हाला चहा पाजला.

अक्कांचं हे पहिलंच मोठं फिरणं. मागच्या वर्षी सगळी तयारी झाली असताना त्यांचं ऑपरेशन निघालं आणि बेत राहिला. ते त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "औंदा माझ्यामुळे अडलं असं व्हायला नको. मले काही झालं तरी तू यांना सांगू नको." मी मान हलवली. ताट वाढणाऱ्या माणसापुढं दुसरं काय करणार?

बाराव्या दिवशी शेवटची खिंड दहा-बारा किलोमीटरवर राहिली होती. एवढ्यासाठीच सगळा प्रवास. सकाळपासून अक्कांचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. ओठ निळसर पडले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हेल्मेट घातलं. नानांनी विचारलं, "फिरूत का माघारी?"

"का? मले काय झालं? तुमचं तुम्ही बघा!"

दोन वळणं गेली. हात कोणाचाही हलला नाही. तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, दोनदा उगाच रेस केली आणि मला हाक मारली. "मेस्तरी, क्लच गया. चढाले जोरच नही."

मी गाडी बघितली. क्लच ठणठणीत होता. मी नानांकडं बघितलं. ज्या माणसानं गाडीला खटारा म्हटलं म्हणून साडूशी दोन वर्षं बोलणं टाकलं, तो माझ्याकडं बघत होता, आणि बघणं विनवण्यासारखं होतं.

"प्लेटा जळल्या," मी म्हणालो. आवाज माझाच होता की नाही, कोण जाणे. "इथं मिळायच्या नाहीत. उतारानं हळूहळू नेता येईल. वर नाही जाणार."

अक्का दगडावर टेकत म्हणाल्या, "बघा! मी तर तयार होते. तुमची गाडीच म्हातारी निघाली!" खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. नाना खाली मान घालून ऐकत राहिले.

"मेस्तरीच्या हातात काही दम नाही," अक्कांनी मलाही सोडलं नाही. पिंप्राळ्यात आता हे सगळ्यांना कळणार, हे मला तिथंच दिसलं.

"खोल तरी," नाना मोठ्यानं म्हणाले. "खरं काय ते दिसू दे."

मी पान्हे काढले. नाना माझ्याशेजारी उकिडवे बसले. अक्कांनी दगडाला पाठ टेकून डोळे मिटले होते. श्वास अजून भरभर चालला होता, पण आधीपेक्षा जरा हळू. नाना माझ्या कानाशी आले.

"धीरे खोल रे. तिले तितलंच बसाले भेटी."

अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते दुपार कलेपर्यंत पुरवलं.