एक कमी हाय!

मामंजींना डॉल्फिन दाखवून आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी आमच्या पलूस गावभर सांगून ठेवलं होतं! माझे सासरे हंबीरराव. उभी हयात मेंढरांमागे गेली, समुद्र कधी पाहिला नव्हता. मालवण गाठलं, माझ्या सहा महिन्यांच्या लेकीला, सृष्टीला, मांडीवर घेतलं आणि आमची होडी बेटांकडे निघाली.

होडीत फोटोसाठी कडेच्या जागेवरून भांडणारे वीस पर्यटक होते आणि भार्गवी नावाची मुलगी होती. डॉल्फिन मोजून त्यांची नोंद ठेवायची. "ओरडायचं नाही, पाण्यात काही टाकायचं नाही!" तिनं बजावलं आणि इंजिन बंद करायला लावलं.

तेवढ्यात पाण्यातून डॉल्फिनच्या पाठी वर आल्या. मी फोन काढेपर्यंत गडप!

"सात," मामंजी म्हणाले. "त्यात एक लेकरू."

पाठी पुन्हा दिसल्या. मामंजी ताडकन उभे!

"सा! लेकरू न्हाई! एक कमी हाय!"

"आजोबा, बसा! होडी उलटतली!" नावाडी किंचाळला. "वेळ झालो, आता मागे फिरतंय."

"एक कमी आस्ताना घरला जातोस? माणूस हायस का कोन?"

"आवं मामंजी, ती काय आपली मेंढरं हायती व्हय?" मी कुजबुजले.

"कुनाची का आसंनात! मोजली कुनी? म्या!"

भार्गवी पांढरीफटक पडली. "ताई, पिल्लू होतं खरंच. आणि काल इथंच एक तुटकं जाळं तरंगत होतं..."

झालं! फोटोसाठी भांडणारे वीस जण भांडण विसरले. सगळे पाण्याकडे डोळे लावून. माझा हात सृष्टीवर इतका आवळला, की ती कुरकुरायला लागली.

एक पाठ वर आली. शेजारी काहीच नाही. पुन्हा आली, आणि पलीकडच्या अंगाला, आईच्या पोटाशी, चिमुकलं करडं टोक!

"दूध पितंय!" भार्गवीच ओरडली.

वीस फोन वर!

"फिरा!" मामंजी गरजले. "समदी तिकडं त्वांड करा! बाई लेकराला पाजतीया आन् बघताय काय?"

त्या आवाजानं हजार मेंढरं वळवलीत हो, वीस माणसं काय चीज! अख्खी होडी डॉल्फिनकडे पाठ करून किनारा बघत बसली. पुढं मामंजी!

"मामंजी, मी बाईमाणूस. मी बघू?"

जरा विचार करून म्हणाले, "तू बघ."

मी वळणार तोच सृष्टीनं भोकाड पसरलं. तिलाही भूक! तिला पदराखाली घेतलं, लागली एकदाची प्यायला, आणि मी मान वर केली. पाणी सपाट! एक शेपटीसुद्धा नाही!

"किती हायती गं?" मामंजींनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

"सात!" मी ठोकून दिलं.

काय करणार? नाहीतर आम्ही अजून तिथंच असतो!