अंगचं तेल

खारवलीत माणसं गंजून मरतात. इतर गावांत ताप येतो, छाती भरते, म्हातारपण येतं; खारवलीत गंज येतो आणि बाकीची दुखणी त्याच्या मागून येतात. आधी पापणीच्या कडेला किंवा गुडघ्याच्या वाटीवर तांबूस पूड दिसते. मग सांधा करकरायला लागतो, आणि एके दिवशी माणूस बसल्या जागी बसलेलाच राहतो. त्यानंतर नगरपंचायतीची गाडी येते.

गंज श्वासाचा असतो, याबद्दल गावात दुमत नाही. पोटातली चूल पेटती ठेवायची तर हवा आत घ्यावीच लागते, आणि चूल म्हटली की ठिणग्या उडणार. ठिणगी पडते तिथे गंज धरतो. यावर तोड म्हणून प्रत्येकाच्या उजव्या बरगडीखाली एक घाणा बसवलेला असतो. डॉक्टर त्याला यकृत म्हणतात. त्यांना तसं म्हणावं लागतं. हा घाणा जेवणातली डाळ, कांदा, लसूण घेऊन तेल गाळतो, आणि ते तेल बोटांच्या पेरांपासून डोळ्यांच्या बुबुळांपर्यंत सगळीकडे पोचतं. ठिणगी आपल्या अंगावर घ्यायची आणि आपण काळं पडायचं, एवढंच त्याचं काम. काळं पडलेलं तेल शरीर टाकून देत नाही, उजळून पुन्हा वापरतं. खारवलीकरांना यात नवल वाटत नाही. तळणीचं तेल त्यांच्याही घरात आजवर कुणी टाकलेलं नाही.

घाणा मात्र ज्याचा त्यालाच चालवावा लागतो. दुकानात तेलाच्या बाटल्या मिळतात आणि लोक त्या भक्तिभावाने पितात, पण ते तेल जिथे जायला हवं तिथे न जाता भलतीकडूनच निघून जातं. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा घाणा बंद असतो. म्हणून बाळंतीण पहिला सव्वा महिना त्याच्या अंगावर हात ठेवून बसते आणि तिच्या तळहातातून तिचं तेल त्याला मिळतं. मग ‘हात उचलणं’ होतं. बाळाला एका खोलीत ठेवतात, आईला दुसऱ्या. बाळ रडतं, त्याला थोडा गंज धरतो, आणि गंज धरला की घाण्याला जाग येते. त्याआधी येत नाही. ज्या घाण्याने ठिणगी बघितलेलीच नाही, त्याला आपण कशासाठी आहोत हे कळायचं कसं? बाळाचं रडणं आईच्या कानावर पडू नये म्हणून शेजारच्या बायका दाराशी बसून मोठमोठ्याने पाळण्याची गाणी म्हणतात. बहुतेक बाळांचा घाणा सुरू होतो.

शालिनी मयेकरच्या पहिल्या मुलाचा झाला नाही. बायका गात होत्या, शालिनी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, आणि दार उघडलं तेव्हा बाळाच्या पापण्या उघडत नव्हत्या. त्यामुळे पुढे वैजयंती झाली, तेव्हा शालिनीने हात उचलला तो लोकांना दाखवण्यापुरता. पुढच्या दाराशी गाणी रंगात आली असताना ती मागच्या दाराने आत गेली आणि बाळाचं डावं मनगट धरून बसली. वैजूचा घाणा सुरू झाला असं गावाने गृहीत धरलं, पेढे वाटले गेले. कुणाला संशय आला नाही, कारण अशी लबाडी कुणी करील हेच कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून ते मनगट तिने सोडलं नाही. रोज सकाळी आणि रोज तिन्हीसांजेला ती वैजूला जवळ बसवून घेई, मनगट हातात धरी आणि काहीबाही बोलत राही. नवरा बोटीवर असायचा. पुढे तो रीतसर गंजला आणि गेला. वैजू मोठी झाली, शिवणवर्गात ब्लाउज बेतायला शिकवू लागली. तिच्या हाताला सफाई होती. आई मनगट धरते याचं तिला कधी काही वाटलं नाही. आया असतात तशा.

गंज-निरीक्षक खेडेकर दरवर्षी घरोघर येत. त्यांची पद्धत साधी होती. माणसाच्या कपाळावरून पांढरं फडकं फिरवायचं आणि ते उन्हात धरायचं. प्रत्येकाच्या तेलाचा डाग वेगळ्या रंगाचा पडतो. खेडेकर आजवर डाग पडला की पुढच्या घरी जात. त्या वर्षी मात्र शालिनीने पाणी आणताना तांब्या डाव्या हातात धरला होता आणि उजवा कोपर अंगाशी आवळला होता, म्हणून ते थांबले.

“मयेकरकाकू, तो हात सरळ करा बघू.”

हात सरळ झाला नाही. कोपरातून तांबूस पूड ओटीवर पडली. खेडेकरांनी ती बोटाने उचलून हुंगली, मग आई आणि मुलगी यांची दोन्ही फडकी शेजारी शेजारी उन्हात धरली. दोन्हींवर एकाच रंगाचा डाग होता.

“हे एकाच घाण्याचं तेल आहे,” खेडेकर म्हणाले.

“मायलेकी आहोत आम्ही,” शालिनी म्हणाली.

“मायलेकींचंही वेगळं असतं, काकू. मी रोज तेच बघतो.” त्यांनी फडकी घडी करून पिशवीत ठेवली. “तुमचा घाणा आता थकलाय. एकीपुरतंच गाळतोय, आणि तेवढंही तुम्ही हिला देताय.”

“देतेय तर देतेय. माझं मी बघीन.”

“तुम्ही बघाल. तुमच्या मागे हिचं कोण बघणार?”

खेडेकर पाणी प्यायले. माणूस वाईट नव्हता, पण नोकरी नोकरी असते.

“हात उचलायला लागेल,” ते म्हणाले.

“लग्नाला आलेल्या मुलीवरचा?”

“नियमात वय दिलेलं नाही.”

“आणि घाणा नाहीच सुरू झाला तर?”

“तर गाडी येते.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “नाही उचललात तरी येते. दोघींना मिळून एकच येईल, एवढाच फरक.”

वैजू दारात उभी होती आणि आपल्या डाव्या मनगटाकडे बघत होती.

“मला वाटायचं, तू माया करतेस,” ती आईला म्हणाली.

“तेच करत होते गं.”

वैजूने त्यावर वाद घातला नाही. “उद्याच उरकून टाकूया,” ती खेडेकरांना म्हणाली, आणि शिवणवर्गात निरोप पाठवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर वैजू आतल्या खोलीत गेली. तिने बसायला चटई, प्यायला पाणी घेतलं. बाहेरून कडी लागली. बायका जमल्या होत्या, पण जरा ओशाळलेल्या होत्या. जिच्याकडून आपण ब्लाउज बेतून घेतो तिला बाळा जो जो कसं म्हणायचं, हा प्रश्न होता. तारा पिळणकरांनी सुचवलं, की त्यापेक्षा हळदीची गाणी म्हणावीत, वयाला शोभतील. खेडेकरांनी विचार करून सांगितलं, की नियमात पाळण्याचीच आहेत. मग बायकांनी पदर खोचले आणि पाळण्याची म्हणायला सुरुवात केली.

जाताना खेडेकर शालिनीला म्हणाले, “बोटसुद्धा लावायचं नाही. एका बोटाचं तेल मिळालं तरी घाण्याला वाटतं, आलं कुणीतरी, आणि तो कूस बदलून परत झोपतो. मग त्याला उठवणं कुणाच्या हातात नाही.”

पहिल्या दिवशी वैजू आतून गाण्यांना नावं ठेवत होती. तुमचा सूर लागत नाही, एवढ्या मोठ्या बाळाला झोप कशी येणार, असं काहीबाही. बायका हसल्या, शालिनीही हसली. दुसऱ्या दिवशी ती फारशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज बदलला. बिजागरी कोरडी पडली की दार वाजतं तसा तो येत होता, आणि बायका हसायच्या थांबल्या आणि नुसत्या गायला लागल्या, पूर्वीपेक्षा मोठ्याने.

पण बायकांना घरं होती. दुपारी बंदरावर मासळी आली आणि एकेक जण उठली. शेवटी तारा पिळणकर उठल्या. “आलेच गं, वाटण तेवढं लावून,” म्हणाल्या आणि गेल्या. घर शांत झालं, आणि शालिनीला इतके दिवस जे ऐकू आलं नव्हतं ते ऐकू यायला लागलं. आत सांधे करकरत होते. ते दाराकडे येत होते.

“आई.”

शालिनीने तोंडावर पदर धरला.

“आई, माझ्या पापण्या जड झाल्यात. बोट दे गं. दाराखालून. एकच दे.”

शालिनी घाबरली होती. आयुष्यात ती असं एकदाच घाबरली होती, आणि तेव्हा तिने सगळ्यांचं ऐकून हात मांडीखाली दाबून ठेवले होते. लोक म्हणतात आईचं काळीज दगडाचं करावं लागतं. लोकांचं काय जातं म्हणायला? तिला त्या घडीला मुलगी जिवंत हवी होती. पुढच्या वर्षीची गाडी पुढच्या वर्षी. ती जमिनीवर आडवी झाली आणि दाराखालच्या फटीतून तिने बोट आत सारलं.

बोट कुणी धरलं नाही.

“वैजू,” ती म्हणाली. उत्तर आलं नाही. तिने बोट आणखी आत रेटलं, सालटं निघालं तरी रेटलं. पलीकडे नुसती गार फरशी होती. पापण्या मिटल्या, उशीर झाला, पुन्हा तेच झालं, असं तिला वाटलं, आणि ती रडायला लागली.

मग आत काहीतरी फरफटलं. करकर आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. तो दारापासून लांब जात होता. पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

“बोट काढ, आई,” वैजू तिथून म्हणाली. “आता मी मागितलं तरी देऊ नकोस.”

शालिनीने बोट काढून घेतलं. त्यानंतर वैजूने पुष्कळदा मागितलं, शिव्या देऊनही मागितलं, आणि शालिनीने दिलं नाही. संध्याकाळी बायका परत आल्या तेव्हा शालिनी स्वतःच गात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेडेकरांनी कडी काढली तेव्हा वैजू भिंतीला टेकून बसलेली होती. तिचे डोळे उघडे होते. त्यांनी तिच्या कपाळावरून फडकं फिरवून ते उन्हात धरलं. डाग हिरवट होता, आईच्या डागासारखा मुळीच नव्हता. “सुरू झालाय,” ते म्हणाले. बायकांनी साखर वाटली. वैजूने मान वळवली, गुडघे वाकवले, उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. अंगावरची पूड झडून चटईवर पडली.

डावं मनगट हललं नाही. खेडेकरांनी ते वाकवून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. तिथे गंज आरपार गेला होता, आईच्या पकडीच्या आकाराचा, चार बोटं आणि एक अंगठा असा.

“तेल सगळीकडे पोचलंय,” ते म्हणाले. “इथे पोचलं नाही. इथे ते बाहेरूनच यायचं ना, आतून वाटच पडलेली नाही.”

“पुढे पडेल?” शालिनीने विचारलं.

“नाही पडत,” खेडेकर म्हणाले, आणि पिशवी उचलून शेजारच्या घरी गेले. वर्षाची सगळी घरं त्यांना पावसाआधी संपवायची होती.

बायका गेल्यावर दोघीच उरल्या. शिवणवर्गाचं आता काय, हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून ते कुणी काढलं नाही.

“दुखतं का गं?” शालिनीने विचारलं.

“तिथलं मला काहीच कळत नाही,” वैजू म्हणाली.

मग ती चहा करायला उठली. एका हाताने आगपेटी धरायची आणि काडीही ओढायची, हे तिला जमत नव्हतं. पेटी हातून पडली, तिने ती उचलली, पुन्हा पडली. शालिनीला उठता येत होतं, तरी ती उठली नाही.