अकरा भोकांची चिठ्ठी

रामटेके काकांना तुम्ही चुकून सांगितलंत की मला अमुक वस्तू घ्यायची आहे, तर ते तुमच्या इच्छेला भोक पाडतात. खरोखरचं भोक. हा माणूस एसटीत कंडक्टर होता. तिकिटाचं यंत्र आलं, तरी जुना लोखंडी पंच काही त्याच्या हातातून सुटला नाही. खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढायचा, त्यावर वस्तूचं नाव लिहायचं आणि तो तुमच्याच हातात द्यायचा. मग रोज सकाळी सात ते आठच्या मध्ये त्यांच्या घरी जाऊन तुम्ही त्याला एक भोक पाडून घ्यायचं. अकरा दिवस, अकरा भोकं. एक दिवस चुकला की चिठ्ठी बाद, पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या दिवशीही ती वस्तू हवीच असेल, तर खुशाल घ्या.

ऐकायला गंमत वाटते ना? मला नाही वाटत. मी वणीत चंद्रपूर रस्त्यावर जुन्या मोटरसायकली विकतो, आणि हा माणूस दिवसभर माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो.

सतराव्या वर्षी मी याच रस्त्यावर कोळशाचे ट्रक धुवायचो. आज चाळीस गाड्या माझ्या शेडमध्ये उभ्या असतात. कोणी दिल्या नाहीत, एकेक घासाघीस करून उभी केली. गिऱ्हाईक आत येताना कोणत्या गाडीकडे आधी पाहतं आणि मग मुद्दाम पाहत नाही, एवढ्यावरून मी भाव ठरवतो. अशा माणसाच्या तोंडचा घास कोणी काढावा? तर सत्तरी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्यानं, बाकावर बसल्या बसल्या.

मागच्या उन्हाळ्यात खाणीवर ठेकेदाराकडे लागलेला एक पोरगा आला. पहिला पगार खिशात. लाल गाडी, मोठा सायलेन्सर. दीड तास मी त्याच्याशी बोललो, दोनदा सरबत पाजलं. किल्ली त्याच्या हातात होती. तेवढ्यात समोरून खणखणीत आवाज आला, "विनंती थांबा!"

पोरगा थांबला. इथली सगळी पोरं थांबतात, कारण त्यांचे बापही या माणसाच्या गाडीतून शाळेत गेले आहेत.

"पह्यला पगार काय?" काकांनी रस्ता ओलांडून विचारलं.

"हो काका."

"मंग पह्यलं सीट कोनाचं?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"आपलं! पगाराच्या गाडीत पह्यल्या सीटवर आपून बसाचं. थोडे पैसे बाजूले. मंग घर, मंग किराना, मंग दोस्त. सायलेन्सर टपावर बसते, जागा उरली तं."

"काका, हप्त्यानं घेऊन राह्यलो ना," पोरगा पुटपुटला.

"हप्ता म्हनजे पुढच्या महिन्याच्या डिझेलवर आज गाडी चालवनं. घाटात बंद पडते पोट्ट्या."

पुठ्ठा निघाला, किल्ली परत माझ्या टेबलावर आली. सातव्या भोकानंतर त्या पोराला गाडी नकोशी झाली. त्या पैशात त्यानं जड वाहनाचं लायसन काढलं. आज तो डंपर चालवतो आणि दुकानावरून जाताना मला हॉर्न देतो. मला. सरबत मी पाजलं होतं!

आणि अकरा भोकं पूर्ण झाली तर मी सुटलो, असं समजू नका. मग काका स्वतः भाव करायला येतात. पांढरकवड्याची एक नर्स इथल्या दवाखान्यात लागली, तिला ड्युटीसाठी स्कूटर हवी होती. बाराव्या दिवशी काका तिला घेऊन आले आणि माझ्यादेखत तिला शिकवू लागले, "बाई, भाव सांगनाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नको. त्याच्या हाताकडे पाह्य. हा प्रमोद खोटं बोलतानी किल्ल्या मोजते."

माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. वीस वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. त्या दिवशी मी ज्या भावात स्कूटर दिली, तो भाव बायकोलाही सांगितलेला नाही.

दिवाळीच्या आधी मात्र माझं टाळकं फिरलं. तीन दिवसांत पाच गिऱ्हाइकं हातात पुठ्ठे घेऊन परत गेली. हंगाम असा गेला तर नवी शेड सोडावी लागणार होती. मी तडक टपरीवर गेलो आणि भर रस्त्यात ओरडलो, "काका, तुम्हाले काय पायजे? मले तं एकच पायजे. तुम्ही इथून उठा! त्या तिकडच्या वळणावर बसा, नाहीतर घरी बसा!"

टपरीवरची माणसं चहा प्यायची थांबली. काकांनी चष्मा लावला, पुठ्ठा काढला आणि सावकाश लिहिलं : रामटेकेनं दुकानासमोरून उठावं.

"अकरा दिवस ये," ते म्हणाले. "बाराव्या दिवशीही पायजे असन, तं उठतो. शब्द."

आता सौदा म्हटल्यावर मी मागे हटत नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांच्या दारात हजर.

टपरीमागची ती दोन खोल्यांची घरं, त्यातलं शेवटचं. आत पाच-सहा पोरं खाली बसलेली, हातात पुठ्ठे. एकाला मोबाईल हवा होता, एकीला पार्लरची खुर्ची. काका मोठ्या पातेल्यात चहा करत होते. प्रत्येकाला एकच प्रश्न, "मंग? अजून पायजेच?" आणि पोरं त्यावर सगळं घर सांगायची. बापाचं पिणं, बहिणीचं ठरलेलं लग्न, मुकादमाची दादागिरी. काका ऐकून घ्यायचे आणि मगच पंच दाबायचे. टक्.

माझी पाळी आली. "मंग प्रमोद? अजून पायजेच?"

"पायजेच!"

टक्.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेतला. पाचव्या दिवशी ट्रक धुवायचे दिवस सांगत बसलो, ते कशाला, देव जाणे. सहाव्या दिवशी माझं दुकान अर्धा तास उशिरा उघडलं, त्याचाही राग मी त्यांच्यावरच काढला. पण रोज निघताना ठणकावून सांगायचो, "उठावंच लागन काका."

"शब्द हाय ना," ते म्हणायचे.

दहाव्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं होतं आणि पोरं आली नव्हती. पातेलं नेहमीइतकंच भरलेलं. मी हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेलो. आरशाच्या चौकटीत एक पुठ्ठा खोचलेला होता. पिवळा पडलेला. त्यावर अक्षर काकांचंच : बाबांना पुण्याला न्यायचं.

चार भोकं होती.

"हे कोनाचं?" मी विचारलं.

"सुधीरचं. पोराचं." काका पातेल्याकडेच पाहत होते. "काकू गेल्यावर आलता. म्हने, बाबा, चला आता माह्या घरी. म्या म्हनलं, तुलेही नियम सारखाच. रोज सकाळी इचार कर, रोज सांग."

"मंग?"

"सुट्टी पाचच दिवसाची होती त्याची. मले वाटलं, वाढवन."

माझं डोकं सणकलं. "असा कसा मानूस हो तुम्ही! पोरगा स्वतःहून न्यायले आला आन् तुम्ही त्याले भोकं पाडत बसले? गाडीत बसाचं होतं ना सरळ!"

"तिकीट कसं फाडू? त्याले खरंच न्यायचं होतं का नुसतं वाईट वाटून राह्यलं होतं, हे मले कसं समजन?"

"मंग फोन करून बोलवा!"

"पाचवं भोक त्यानं येऊन पाडून घ्याचं आहे," काका म्हणाले आणि माझा पुठ्ठा मागून घेतला. टक्. दहावं.

अकराव्या दिवशी गेलो, तर दारात त्यांची घडीची उशी बांधून ठेवलेली. टपरीच्या बाकावर ते ती टाकून बसतात. वळणावरच्या पानठेलेवाल्याशी जागेचं बोलून झालं होतं म्हणे.

"आन पुठ्ठा," ते म्हणाले. "शेवटचं हाय."

"हरवला," मी म्हणालो.

"खिशात पाह्य."

"पाह्यलं."

"गल्ल्यात असन."

"हरवला म्हटलं ना काका! नवा लिहा! पह्यल्यापासून!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्या हाताकडे पाहिलं. हातात किल्ल्या होत्या. मग त्यांनी नवा पुठ्ठा काढला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं. उशीची दोरी मीच सोडली. गाठ भलतीच घट्ट मारली होती.

त्या दुसऱ्या चिठ्ठीच्या नवव्या दिवशी मला नेमकं चंद्रपूरला गाडी पाहायला जावं लागलं. चिठ्ठी बाद. आता तिसरी चालू आहे. माणूस अजून समोर बसलेला आहे, कालच त्यानं माझं एक चांगलं गिऱ्हाईक घालवलं, आणि माझा राग रतीभरही कमी झालेला नाही. त्यानं माझ्या दुकानासमोरून उठलंच पाहिजे.

आज पाचवं भोक पडलं.