खांबेट्यांचे डोंगर

साल २०२३. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात एका माणसानं आमचं दार वाजवून मला सांगितलं, "तुमचा डोंगर माझ्या डोंगरावर बसलाय."

मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. डोक्याला लोकरीची टोपी, पायांत सपाता, आणि फोन माझ्या छातीसमोर धरलेला. फोनच्या काचेवर रंगीबेरंगी डोंगर, एकात एक घुसलेले.

"हा निळा तुमच्या वाय-फायचा. हा लाल माझा. हलवा."

मी दार लावलं.

ही माझी आणि खांबेट्यांची ओळख. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात, माझ्या पोराचं, संजयचं, भाड्याचं घर आहे. त्याच्या समोरच्याच दारात ते राहायचे. रिटायर इंजिनिअर. मी शाळा चौथीत सोडली, पण चाळीस वर्षं आठवडे बाजारात भांड्यांचं पाल लावलं, त्यामुळं माणूस मला तोंडावरून कळतो. खांबेट्यांचं तोंड मला पहिल्या दिवशीच आवडलं नाही. नजर देत नव्हतं ते.

बिल्डिंगीत हा माणूस फोन पुढं धरून फिरायचा. प्रत्येक दारापाशी थांबायचा, पुटपुटायचा, "सहावर सात जण! सहावर सात जण!" वाय-फायला म्हणे बसायला अकरा जागा दिसतात, पण धक्का न लागता बसता येतं ते तिघांनाच, एक, सहा आणि अकरा नंबरच्या चॅनलवर. बाकीच्या नंबरवर बसणारा दोन्हीकडच्यांना कोपर मारतो. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरांनी आपलं वाय-फाय चारवर ठेवलं होतं. जिन्यात ती पोरं भेटली की खांबेटे म्हणायचे, "गुड मॉर्निंग. चार सोडा." पोरं त्यांना चॅनल अंकल म्हणायची. त्यांना ते कळायचं. ते फक्त म्हणायचे, "हवा सामाईक आहे."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मला ते ऐकूनच घाम फुटायचा. आमच्याकडं सामाईक विहिरीपायी दोन सख्खे भाऊ वीस वर्षं कोर्टात गेलेले मी बघितलेत.

एकदा मी विचारलंच, "या हवेचा मालक कोण?"

"कुणी नाही. पोलिसांची, विमानांची, रेडिओची हवा सरकारनं वाटून दिलीय. हा एक पट्टा बिनपरवान्याचा सोडलाय. वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्यातच."

म्हणजे बाजारतळ. एवढं कळायला मला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. फुकट जागा, जो तो पोतं पसरणार, आणि सगळे एकदम ओरडले की गिऱ्हाइकाला कुणाचंच ऐकू येत नाही.

मग ते एक दिवस सूनबाईला विचारून गेले, "सकाळी तुम्ही मायक्रोवेव्ह किती वाजता लावता?" आता सांगा. बाजारात जो माणूस घेत काही नाही आणि 'पाल कधी उठवता' विचारतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा असतो. मी ठेवला.

दोनच दिवसांनी खांबेटे पुन्हा दारात. "नऊ ते साडेनऊ. तेवढा अर्धा तास तुमचं वाय-फाय बंद ठेवा. मेहरबानी होईल."

"का?"

"काम असतं."

"कसलं?"

"खाजगी."

नेमका तोच अर्धा तास माझा! सकाळी नऊला मी माझ्या धाकट्या भावाला, बापूला, व्हिडिओवर बघायचो. तिकडं तेव्हा संध्याकाळ. पाल आता तो चालवतो. किती पातेली गेली, कुणी घासाघीस केली, सगळं सांगायचा. दिवसभरात कुणी मला काही विचारणारं भेटायचं ते त्या अर्ध्या तासातच. तो मी या टोपीवाल्याला देऊ?

"नाही जमायचं," मी म्हटलं.

त्यानंतर गंमत बघा. रोज नऊला बापू तुटायला लागला. बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाजाचे तुकडे पडायचे. मी समोरचं दार वाजवलं. "माझा भाऊ का तोडता?"

खांबेटे भडकले. "मी तोडतो? अहो, तुम्ही मला तोडता! तुमचं यंत्र ओरडतं. माझं जुनं आहे, कुजबुजतं."

"कसलं यंत्र?"

दार लागलं.

संजय हसला. "बाबा, इग्नोर करा ना. मी राउटर दुसऱ्या बँडवर, मोकळ्या पट्ट्यावर टाकतो, एका मिनिटाचं काम आहे."

"हात लावू नको. आपण का हलायचं?"

माझी खात्री झाली होती. हा माणूस आमची बोलणी चोरून ऐकतो. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमची पातेली ऐकून ते काय करणार?" तिला काय कळतंय!

एका सकाळी बापू तुटला तसा मी तडक बाहेर पडलो. खांबेटे जिना उतरत होते. हातात फडक्यानं झाकलेली टोपली, आणि स्वेटरच्या खिशातून एक काळी अँटेना वर आलेली. सापडला! मी अनवाणी मागं गेलो. तळघरात कपडे धुवायची मशीनं आहेत, तिथं ते शिरले. मी दाराआड उभा.

त्यांनी फडकं काढलं. चादरी होत्या. एका हातानं त्या मशीनमध्ये कोंबत होते आणि दुसऱ्या हातानं साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा कानाला गच्च दाबून होते. डब्यात खरखर. मग खरखरीतून एक बाई बारीक आवाजात म्हणाली, "अहो... गेलात का?"

"इथंच आहे, शालू. खालीच आहे," खांबेटे डब्याला म्हणाले.

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं.

त्यांनी उरलेली चादर मशीनमध्ये कोंबली. मग तेच म्हणाले, "तिला ऐकू जात नाही. याचा जोडीदार तिच्या उशाशी आहे, पण तो नुसतं तिचं इकडं पाठवतो. एकतर्फी आहे."

"मग बोलता कशाला?"

"तिनं विचारलं ना."

दोन वर्षं त्यांची बायको अंथरुणाला खिळून होती. मदतनीस बाई दहाला यायची, पण ओल्या चादरी तोवर ठेवायच्या कशा? म्हणून नऊ ते साडेनऊ ते खाली. हाकेला कुणी आलं नाही की ती उठायला बघायची. एकदा उठली आणि पडली. तेव्हा डब्यात नुसती खरखर होती.

"नवा डबा घ्या की."

"घेतला होता. तिचा आवाज इतका बारीक, की नवा डबा तो कचरा समजून गाळून टाकतो. हा नातीच्या पाळण्यापाशी असायचा. हा काही गाळत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत? बिल्डिंग ऐकली असती."

"काय सांगू? बायको अंथरूण ओलं करते, हे दारोदार सांगू?"

मी वर आलो. संजयला म्हटलं, "हलव आपलं." त्यानं एका मिनिटात हलवलं.

"आणि बाकीचे सहा?"

"त्यांना कोण सांगणार, बाबा? सगळे स्टुडंट्स. हे गेले की दुसरे येतील."

तेही खरं. बाजार काही एकट्याच्या गप्प बसण्यानं गप्प होत नाही. मी बापूला कळवलं, उद्यापासून दहाला बोलू. का ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना मी समोरचं दार वाजवलं. खांबेटे टोपली घेऊन निघतच होते. मी टोपली धरली.

"अहो, हे काय! ओल्या आहेत त्या!"

"दिसतंय मला. तुम्ही वहिनींपाशी बसा."

"सोडा! तुम्हाला मशीन तरी चालवता येतं का?"

"न यायला काय झालं?" मी म्हटलं आणि टोपली हिसकली.

येत नव्हतं. तळघरात जांभळ्या केसांची एक पोरगी आपले कपडे काढत होती. मी चादरी मशीनमध्ये घातल्या आणि तिला बोटानं बटणं दाखवून विचारलं, यातलं कुठलं?