साडूच्या सायकलचं माप

“या रविवारी थोरल्या साडूचं तोंड बंद करतो की नाही बघ!” असं बायकोला ठणकावून सांगत कवळीवाल्याने भंगारातून आणलेली सायकल खोलीच्या मधोमध उभी केली, आणि ती लगेच शिलाई मशीनवर कलंडली.

“त्यांचं तोंड राहू दे. आधी माझ्या मशीनवरून ती उचला!” बायको म्हणाली.

कवळीवाला म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारा. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि हा मागच्या खोलीत बसून त्यात दात बसवायचा. हाताचा अगदी कसबी माणूस. पण थोरल्या साडूचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. साडू विमा कंपनीत साहेब. साडूची बाल्कनी ऐसपैस, साडूच्या डोक्यावरचे केस शाबूत. जेवताना साडूला वाढायला सासूबाई स्वतः उठत, कवळीवाल्याकडे नुसतं भांडं सरकवत आणि म्हणत, “घ्या हं तुमचं तुम्ही.”

हे सगळं त्याने इतकी वर्षं गिळलं होतं. पण साडूने एक जुनी शर्यतीची सायकल घेतली आणि कडेलोट झाला. तिच्यावर कुणा परदेशी कारागिराचं नाव सोनेरी अक्षरांत! ती चालवायची नव्हतीच. ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली होती. जन्मात सायकलवर न बसलेल्या सासूबाई येईल त्याला सांगत, “आमच्या मोठ्या जावयांची सायकल एका हाताने उचलता येते बरं का!” कवळीवाल्याला अन्न गोड लागेना.

आणि आता ही सायकल! रंग खरवडलेला, कुठे नाव नाही, शिक्का नाही, पेडलच्या दांड्याखाली कोरतात तो आकडासुद्धा नाही. पण वजनाला इतकी हलकी, की उचलताना हात उगाच वर जायचा. आणि नळ्यांचे सांधे! प्रत्येक सांध्यावर नाजूक पान कोरलेलं, पानाचं टोक कानशीने घासून घासून निमुळतं केलेलं.

“हे कुणा मोठ्या कारागिराचं काम आहे. कोण ते मी शोधणार!”

“आणि कुणीच नाही निघाला तर?”

“अगं, हा हात बघ हात! मी रोज कानस चालवतो. मला नाही कळणार तर काय तुझ्या भावजींना कळणार?”

झालं! घरातल्या कवळ्या पडून राहिल्या आणि कवळीवाला भिंग घेऊन सायकलच्या पोटाखाली झोपू लागला. डॉक्टरांचा फोन आला, “अहो, त्या आजोबांचे दात कुठे आहेत? बिचारे नुसत्या दुधावर आहेत!” कवळीवाला म्हणाला, “दुधाने ताकद येते, डॉक्टर.”

शेवटी त्याने ठरवलं, की सायकलची ओळख सायकलशीच ताडून बघायची. साडूच्या सायकलच्या सांध्याचं माप घ्यायचं आणि आपल्या सायकलवर बसवून बघायचं. जुळलं, तर कारागीर एकच, म्हणजे आपण साडूच्या बरोबरीचे. शिवाय आपली जास्त हलकी, म्हणजे आपण काकणभर वरचढच! माप घ्यायला दातांचा गुलाबी मसाला, दाबून बसवला की रबरासारखा घट्ट होणारा, घरात होताच.

रविवारी साडूकडे सगळे जेवायला जमले. बायको बसने गेली, कवळीवाला सायकलवरून. सायकल त्याने जिन्याखाली चादरीत गुंडाळून लपवली. जेवणं सुरू असताना तो “हात धुऊन आलो” म्हणत उठला, दिवाणखान्यात शिरला, खुर्चीवर चढला आणि मळलेला मसाला साडूच्या सायकलवर दाबून बसवला.

आता, फटी असतील तर त्या आधी मेणाने बुजवायच्या असतात, नाहीतर मसाला आत शिरून अडकतो. हे शिकण्यातच कवळीवाल्याची पहिली दोन वर्षं गेली होती. पण डोळ्यांसमोर साडूचा पडलेला चेहरा नाचत असताना मेण कुणाला आठवतं? मसाला सांध्याच्या नक्षीत शिरला आणि घट्ट झाला. कवळीवाल्याने ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तरी हलेना. मग भिंतीला पाय लावून ओढला.

धाडकन आवाज झाला. सगळे धावत आले. कवळीवाला उताणा, छातीवर सायकल, हातात काहीतरी गुलाबी आणि लिबलिबीत!

“अगं बाई! भावजींच्या हिरड्या बाहेर आल्या!” मेहुणी किंचाळली.

“पाणी आणा! हवा येऊ द्या!” सासूबाई ओरडल्या.

“हिरड्या नाहीत त्या, माप आहे!” सायकलखालून कवळीवाला कण्हला.

“कसलं माप?” साडूने सायकल उचलत विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कवळीवाला अंग झाडत उठला, जिन्याखाली गेला, आपली सायकल घेऊन आला आणि सगळ्यांसमोर एका झटक्यात चादर ओढली. “तुम्हाला काय वाटलं भाऊसाहेब, अशी सायकल फक्त तुमच्याकडेच आहे? थांबा, आता सिद्धच करतो!”

त्याने तो गुलाबी ठसा आपल्या सायकलच्या सांध्यावर धरला. बसेना. फिरवून धरला. छे! पानाचा आकारच वेगळा. बायकोने कपाळावर हात मारला. पण कवळीवाला असा तसा हार मानणारा नव्हता.

“बघितलंत? जुळत नाही! म्हणजे माझी सायकल तुमच्या त्या परदेशी माणसाची नाहीच. त्याच्याहून मोठ्या कारागिराची आहे! या पानाचं टोक बघा! याच्यापुढे तुमची सायकल म्हणजे कुऱ्हाडीने तासलेली. आणि सांगू? बनवणारा डावखुरा होता. कानशीचे ओरखडे बघा, सगळे उलटे. ज्याने हे केलं, त्याच्या हातात जादू आहे. तो समोर आला ना, तर मी इथेच त्याच्या पाया पडेन!”

साडू खाली वाकून सायकल बघत होता. त्याने डाव्या हाताचं बोट पानावरून हलकेच फिरवलं.

“पाया नका पडू,” तो म्हणाला. “ही मी केलीय.”

“तुम्ही?”

“लग्नाआधी. तंत्रशाळेत शिकत होतो तेव्हा. मागचं चाक जरा तिरकं बसलं, म्हणून सर म्हणाले, हिच्यावर नाव घालून शोभा करून घेऊ नकोस. मग नाव घातलं नाही. विकून टाकली.”

“तिरकं आहेच!” कवळीवाला घाईघाईने म्हणाला. “मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. कामच कच्चं आहे. ही पानं तर—”

“अहो, आत्ता तर जादू म्हणालात!” बायको म्हणाली.

साडूच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “आजवर कुणी माझ्या कामाला असं चांगलं म्हटलं नव्हतं. खरं सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. तुम्ही हाताने काहीतरी घडवता. मी दिवसभर नुसत्या सह्या करतो.” आणि त्याने कवळीवाल्याला घट्ट मिठी मारली.

साडूला आपला हेवा वाटावा, ही कवळीवाल्याची आयुष्यभराची इच्छा! ती अशी अचानक पूर्ण झाली, आणि त्याला तिचा धड आनंदही घेता येईना. कारण साडूच्या खांद्यावरून त्याला सासूबाईंचा चेहरा दिसत होता. तो चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता.

“मोठ्या जावईबापूंच्या हातची सायकल!” त्या म्हणाल्या. “उतरवा ती परदेशी. हिलाच भिंतीवर लावा!”

“अहो पण आई, ती माझी—” कवळीवाल्याने तोंड उघडलं.

“तुम्हीच तर ओळखलीत. केवढं मोठं मन तुमचं!” मेहुणी म्हणाली. सायकल भिंतीवर चढली. खिळा कवळीवाल्यानेच धरला.

सगळे मागे सरून बघत असताना सासूबाई साडूजवळ सरकल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, आतून कवळी काढली आणि त्याच्या डाव्या हातावर ठेवली.

“हातचं काम इतकं बारीक आहे तुमचं,” त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या, “तर एवढी जरा घासून द्या ना. धाकट्यांनी केलीय. मेली पहिल्या दिवसापासून टोचते, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

साडू संकोचला. त्याने कवळीवाल्याकडे बघितलं. “तुमच्याकडे कानस आहे का हो?”

कवळीवाल्याने खिशातून काढून दिली. साडूने उजेडाकडे तोंड करून हलक्या हाताने कड घासली, कवळी धुतली आणि परत दिली. सासूबाईंनी ती बसवली, दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “आता खरी बसली!”

कवळीवाल्याची बायको पर्स घेऊन दारात उभी राहिली. “चला,” ती हळूच म्हणाली, “दोघांनाही बसनेच जायचंय.”