लिफ्ट चालती जाहल्याची आणि जावईबापूंच्या चार खलित्यांनंतरच्या पाचव्याची हकीकत

स्वस्ति. चौथ्या मजल्याचे राजमान्य कारकून जावईबापू यांणी लिफ्टीची मोहीम कोण्या लाभास्तव मांडिली, ते आधी नमूद करणे प्राप्त. दो दिवसांच्या मुक्कामास आलेल्या सासूबाईसाहेब लिफ्ट बंद पडोन दीड महिना वरच अडकल्या, कारण गुडघ्यांस बहात्तर पायऱ्या नामंजूर. आणि पलंग त्यांचे अमलाखाली गेला, आणि जावईबापू सतरंजीवर आले. लिफ्ट चालल्यास सासूबाई स्वगृही, पलंग परत. मनसुबा इतकाच, लोकहिताच्या गोष्टी बोलण्यापुरत्या.

मग लिफ्ट कंपनीस तीन खलिते रवाना जाहले. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' ऐसा आरंभ होऊन पत्र सरे, तरी लिफ्ट कोठे आली हे वाचणारास उमगू नये, ऐसी कारकुनी लेखणी. जबाब शून्य.

सबब तळमजल्याच्या पेन्शनर मास्तरीणबाईंकडे मसलतीस गेले. एका पत्रात नळ दुरुस्त करविणारी बाई! त्यांणी पत्रांची फाइल हवाली करून फर्माविले की, आधी गिरवावे, मग लिहावे. जावईबापूंनी तामिली अक्षरशः केली. नळाचे पत्र उतरोन, 'नळ' तेथे 'लिफ्ट' घालोन धाडिले. चौथे दिवशी जबाब दाखल: 'आदरणीय ताई, आपले यजमान गेल्याचे वाचून वाईट वाटले. मात्र लिफ्टला सकाळपासून थेंबभर पाणी नाही, ही तक्रार समजली नाही. लिफ्टला पाणी येत नसते.'

पत्नीसाहेबांनी तो मोठ्याने वाचिला आणि पुसिले, "ताई, चहा ठेवू का? आणि यजमान गेले ते मला कळवलं नाहीत!" सासूबाई खोकल्याचे मिषे हसल्या.

ऐसी शिकस्त खाऊन जावईबापू पुन्हा तळमजल्यास रुजू जाहले. बाई कपाळास हात लावोन म्हणाल्या, "अरे बाबा, माझं वैधव्य कशाला उचललंस? चाल उचल! मी आधी माणूस उभं करते, मग त्याची अडचण दाखवते, मग सरळ तारीख मागते. तुझं माणूस कोण?"

मग जावईबापूंनी घरी येऊन दीड महिन्यात प्रथमच सासूबाईंकडे नीट पाहिले, आणि सात कागद फाडोन आठव्यावर लिहिले: 'माझ्या सासूबाई दिवसभर खिडकीत बसतात. खाली भाजीवाला आला की वरून भाव विचारतात आणि गप्प होतात. मध्ये बहात्तर पायऱ्या आहेत. कारागीर कोणत्या तारखेला येईल?' 'सविनय' हा शब्द दो वेळा चालून आला, तो दोन्ही वेळा पिटाळिला.

दुसरेच दिवशी कारागीर आला आणि सायंकाळी लिफ्ट चालती जाहली. बहुत थोर फत्ते!

परंतु पत्राची नक्कल टेबलावर राहिली, ती सासूबाईसाहेबांनी चष्मा लावोन दो वेळा वाचिली, आणि डोळे पुसोन जाहीर केले, "पोटच्या पोराचं लक्ष गेलं नसतं हो एवढं. मी आता कुठे जात नाही. इथेच राहते."

जावईबापूंनी तोंड उघडिले, परंतु पत्रातील एकही अक्षर खोटे नव्हते, म्हणोन मिटिले.

येणेप्रमाणे विजय दफ्तरी दाखल. या कामी कंपनीचा एक तारदोर खर्ची पडला, बाईंच्या फाइलीचे एक पान चहाने गेले, आणि बाकी सर्व सतरंजीवरील जावईबापूंच्या कमरेने भरिले, अद्याप भरीत आहे.